निऱ्यांत जाईल

बारामतीच्या कापडपेठेतल्या त्या दुकानात गल्ल्याच्या वर पाटी होती, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." तशा पाट्या सगळ्याच दुकानांत असायच्या आणि त्या कुणी वाचत नसे. माझी थोरली बहीण मात्र दर वेळी वाचायची, ओठ हलवत, आणि मग मला म्हणायची, "बघितलंस? म्हंजी काय बघायचं ते हितंच बघायचं. पैसं दिलं की आपुन परकं."

तिला आम्ही अक्का म्हणायचो. आम्ही भवानीनगरचे, वडील साखर कारखान्यात कामाला. अक्काला कळसला दिली होती. तिच्या सासरी दोन पिढ्यांमागं मेंढरं राखायचे, आता शेती होती आणि भावजी ट्रॅक्टरवर जायचे. मी तेव्हा बारामतीच्या कॉलेजात शिकत होते, रोज एस.टी.नं ये-जा. नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं होती ती. महिन्यातून एकदा अक्का कळसहून यायची, मी तास बुडवून स्टँडवर तिला गाठायचे आणि आम्ही दोघी बाजार करायचो. बाजार म्हणजे तपासणी. खरेदी झाली तर शेवटी कधीतरी व्हायची.

नारळ ती कानाशी हलवायची, ते सगळेच करतात. पण बरणीला टिचकी मारून आवाज ऐकणं, पातेलं फरशीवर ठेवून डुगडुगतंय का बघणं, दिव्याचा गोळा दुकानातच लावून बघणं, काड्यापेटी उघडून काड्यांना गूल आहे का बघणं, हे मी तिच्याशिवाय कुणाला करताना पाहिलं नाही. चप्पल घालून ती थेट रस्त्यावर चालायला जायची आणि दुकानातला माणूस काळजीनं मागं जायचा. मला लाज वाटायची. कॉलेजातलं कुणी बघेल म्हणून मी दोन दुकानं सोडून उभी राहायचे. आमचा दादा, म्हणजे आम्हा दोघींच्या मधला भाऊ, म्हणायचा, "हिला नवरा बी वाजवून घिऊ द्यायला पायजे हुता."

"वाजवला असता तर तुमाला वऱ्हाड परत न्यावं लागलं असतं," अक्का म्हणायची, आणि भावजी शेजारी बसून हसायचे. भला माणूस होता.

तिची खरी हुशारी कापडात. त्या दुकानात खालच्या कप्प्यात एक गठ्ठा असायचा, डागी मालाचा. कुठं धागा सुटलेला, कुठं छपाई सरकलेली, कुठं मागावर तेल सांडलेलं. अशा साड्या निम्म्या किमतीला जायच्या. अक्का त्याच गठ्ठ्यातली घ्यायची, पण बघून. एक टोक माझ्या हातात, एक तिच्या हातात, आणि आम्ही दारातल्या उजेडात जाऊन उभ्या राहायचो. काठावरून अंगठा फिरवायचा. उलटी बाजू बघायची. रुमालाचा कोपरा ओला करून रंग घासून बघायचा. डाग सापडला की ती साडी कमरेशी धरून मनातल्या मनात नेसायची. डोळे बारीक करून एक वेढा, दोन वेढे, मग निऱ्या. डाग पदरावर किंवा छातीवर येत असेल तर ती साडी परत गठ्ठ्यात. खोचण्यात किंवा निऱ्यांत जात असेल तर घ्यायची. "साडी साडेपाच मीटरची आसती," ती मला शिकवायची. "लोकांस्नी दिसतीया दोन मीटर. बाकीचं आपल्या घरचं." तिच्या अंगावरच्या साडीला डाग आहे हे कळसमध्ये कुणाच्या लक्षात आलेलं मला माहीत नाही. मीही हळूहळू शिकले. पुढंपुढं मीच आधी म्हणायचे, "अक्का, हे निऱ्यांत जाईल." तिला त्याचं कोण कौतुक.

एकदा आम्ही अशीच साडी घेऊन पायऱ्या उतरत होतो. ती थांबली आणि मागं वळून वरच्या काचेच्या कपाटाकडं बघत म्हणाली, "एक बार तिथली घ्यायची हाय. उलगडून न्हाय बघायची. घडी हाय तशी पिशवीत टाकायची अन् घरी यायचं." मी म्हटलं, माझ्या पहिल्या पगाराची तुला तीच. ती म्हणाली, "व्हय, तवर त्या कपाटाला वाळवी लागंल." पण ती ते विसरणार नाही हे मला कळलं होतं, आणि मीही विसरले नव्हते.

त्यानंतरच्या थंडीत तिला कावीळ झाली. आधी गावात औषध घेतलं, मग बारामतीला दवाखान्यात आणलं. सहाव्या दिवशी पहाटे ती गेली. तेहेतीस वर्षांची होती. मला रडू आलं नाही. मी कॉटच्या कडेला बसून तिच्या चादरीची शिवण कुठं उसवली आहे ते बघत होते, आणि नर्सला सांगावं का असा विचार करत होते.

आमच्याकडे नवऱ्याच्या आधी बाई गेली तर तिला शेवटचं नेसवायचं लुगडं माहेरच्यांनी आणायचं असतं. हिरवं. हिरव्या बांगड्याही. ते आल्याशिवाय बायका आंघोळ घालायला घेत नाहीत, आणि सासरची चार माणसं ते काय आणलंय हेही बघतात. अक्काला घेऊन आई-वडील, भावजी आणि तिच्या सासूबाई जीपमधून कळसला पुढं गेले. दादा मला म्हणाला, "तू माझ्यासंगं चल. मला बायकांच्या कापडातलं काय कळत न्हाय." मग जरा थांबून म्हणाला, "चांगली घे. किती का हुईना. तिनं कवा चांगली नेसली न्हाय."

मी हो म्हटलं. काय आणायचं ते मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

दुकानं उघडायला वेळ होता. आम्ही चौकात उभ्यानं चहा घेतला. कासारानं दुकान उघडलं तशी मी बांगड्या मागितल्या. तो म्हणाला, हात द्या, भरतो. माझा आणि अक्काचा हात एकाच मापाचा, म्हणून मी त्याला माप बघू दिलं आणि म्हटलं, भरू नका, कागदात बांधा. बांधण्याआधी मी एकेक बांगडी नखानं वाजवून बघितली. एकीचा आवाज बद्द आला. ती बदलून घेतली. दादा माझ्याकडं बघत राहिला.

कापडाच्या दुकानात नुकतीच उदबत्ती लावली होती. दादा बाहेर मोटरसायकलपाशी थांबला. दुकानदारानं मला ओळखलं. "आज मोठ्या ताई न्हाय आल्या?"

"नाही," मी म्हटलं. "हिरवी पाहिजे."

"ओटीची का?"

मी होकारार्थी मान हलवली. सांगायचं कसं हे मला सुचलं नाही, आणि सांगावं असं काही वाटलंही नाही. त्यानं आणखी काही न विचारता खालच्या कप्प्यातला गठ्ठा काढून माझ्यापुढं सोडला. इतक्या वर्षांत आम्ही दुसरं काही मागितलंच नव्हतं, त्याची काय चूक.

मी बसले. गठ्ठ्यात हिरवी एकच होती, गर्द, बारीक जरीकाठाची. मी ती उलगडली. एक टोक दुकानातल्या माणसाच्या हातात दिलं, एक मी धरलं आणि दारातल्या उजेडात गेले. माझा अंगठा काठावरून फिरला. रुमालाचा कोपरा ओला करून रंगही घासून पाहिला. मध्याच्या थोडं पुढं वीतभर पट्टा होता, मागावर आडवं सूत चुकलेलं, तिथं हिरवा विटका झाला होता. मी साडी कमरेशी धरली. एक वेढा, दोन वेढे, निऱ्या.

"चांगल्यात दाखवू का हिरवी?" दुकानदारानं वरच्या कपाटाकडं हात केला. "भरपूर हायत."

"नको," मी म्हटलं. "हे निऱ्यांत जाईल."

आणि वर वीस रुपये आणखी सोडायला लावले. त्यानंही सोडले. घडी घालताना तो म्हणाला, "तुमी नेहमीचं गिऱ्हाईक. धुतल्यावर रंग गेला तर घिऊन या, बदलून दीन." मी बरं म्हटलं. मला बरंही वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. इतका गर्द रंग, असा काठ आणि डाग नेमका निऱ्यांत, अशी साडी त्या गठ्ठ्यात वर्षात एकदा निघायची. अक्काला सांगायला पाहिजे, असं माझ्या मनात आलं. खूश होईल.

दादानं आत येऊन पैसे दिले. आम्ही पायऱ्या उतरलो. शेवटच्या पायरीवर मला कळलं की मी काय करून बसले.

"दादा, थांब."

"काय ऱ्हायलं?"

वर काचेचं कपाट होतं. चार पावलं मागं जायचं आणि वरची दाखवा म्हणायचं, इतकंच. पण मग दादाला सांगावं लागलं असतं की मी डागी घेतली, त्यानं इतकं सांगूनही. तिकडं सगळे खोळंबले होते. आणि मला बोलण्याचाही कंटाळा आला होता. खरं तर हा कंटाळाच जास्त होता.

"काय न्हाय," मी म्हटलं.

कळसपर्यंत मी पिशवी मांडीवर धरून बसले. रस्त्याला उसाच्या गाड्या होत्या, दादा एकेक मागं टाकत होता. मी मनात एकच बोलत होते. निऱ्यांत जाईल. कुणाला दिसणार नाही. तिचं अख्खं आयुष्य कुणाला दिसलं नाही, आता काय दिसतंय. पाच-सहा वेळा तिला मनातल्या मनात नेसवून बघितली, आणि प्रत्येक वेळी डाग निऱ्यांतच गेला.

अंगणात पडदा धरला होता. बायकांनी आंघोळ घातली. अक्काच्या सासूबाईंनी माझ्या हातातून साडी घेतली, घडी मोडली आणि नेसवायला घेतली. मी पायाशी उभी होते.

मेलेल्या बाईला निऱ्या घालत नाहीत.

हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू. चुलतीच्या वेळी मी पाहिलं होतं. आडव्या देहाला निऱ्या कुठं घालणार, कुठं खोचणार? एक वेढा कमरेला देतात, पदर डोक्यावरून घेतात आणि उरलेलं सगळं कापड वरून अंगभर पसरतात. साडेपाचच्या साडेपाच मीटर दिसतात. सासूबाईंनी कापड पसरलं, हातानं सारखं केलं, आणि तो विटका पट्टा बरोबर छातीवर आला.

त्यांचा हात थांबला. सगळ्याच बायकांना दिसलं. त्यांतली एक हलक्या आवाजात दुसरीला म्हणाली, "म्हायेरचं शेवटचं लुगडं, अन् ते बी डागी?" आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. पडद्याच्या पलीकडं दादा उभा होता, त्याला ऐकू गेलं असणार. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी घेतली, माझी चूक आहे, बारामतीला माणूस पाठवा, अजून वेळ आहे. तोंड उघडलं असतं तर ती साडी बदलता आली असती. जीप दारात होती.

सासूबाईंनी कापड जरा खाली ओढून पाहिलं, मग वर. दोन्हीकडून पट्टा दिसतच होता. त्यांना आम्हाला खाली बघायला लावायचं नव्हतं. वाईट बाई नव्हती ती. अक्काचं त्यांनी सुनेसारखं नाही, लेकीसारखं केलं होतं, दवाखान्यात सहाही दिवस जमिनीवर झोपल्या होत्या. त्यांनी पट्ट्यावर बोटभर हळद-कुंकू टाकलं आणि त्या बाईला म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. पोरीला आसलं चालायचं."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. आईनंही.

तिला चालायचं नाही, हे तिथं एकट्या मलाच माहीत होतं. मी पायाशी उभी होते, आणि मी ते सांगितलं नाही.