ताम्रपंखची चार तपकिरी पानं

सुईकाकांच्या हाताखालून चाळीस वर्षांत गावातली बहुतेक पुस्तकं गेली, पण एकही डोक्यात शिरलं नाही. पुस्तक उघडायचं ते पाठ कुठे सुटलीय बघायला. पानं चाळायची ती आकडे क्रमाने आहेत का तपासायला. शेवटचा आकडा जुळला की सुई हातात. आत राजा मेला का राणी पळाली, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. बाइंडरने वाचत बसणं म्हणजे स्वयंपाक्याने कढईतच जेवायला बसणं, असं ते म्हणायचे.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दाराशी कापायचं मशीन, खिडकीखाली पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी दाब आणि कोपऱ्यात स्टुलावर बायको. खळ शिजवणं आणि दोऱ्याला मेण लावणं ही तिची कामं. तिची नजर अधू झाली होती; पण दोरा बोटांतून ओढला की पीळ कुठे सैल आहे हे तिला न बघता कळायचं. दोघांचं दिवसभराचं बोलणं ‘दोरा दे’ आणि ‘खळ पातळ झालीय’ एवढ्यात आटपायचं. भांडण नव्हतं. बोलायला काही उरलं नव्हतं, इतकंच.

वाचनालयाच्या बाईंनी त्यांना बोलावून एका मासिकाचे वर्षभराचे बारा अंक एका पुस्तकात बांधायला दिले. बाई वयाने मुलीएवढ्या, पण बोलायला रोखठोक. समितीच्या मनात पुढची सगळी बांधणी मशीनवाल्याला द्यायची होती. तो गोंद फासून एका दिवसात पुस्तक परत करायचा आणि कडा अशा, की हात कापावा. हे बारा अंक तेवढे नीट करून द्या, ते पुढ्यात ठेवून मी तुमच्यासाठी भांडते, असं बाई म्हणाल्या. वाचनालयाचं काम गेलं तर शाळेच्या फाटक्या वह्यांवर दुकान चालणार नव्हतं, हे बाईंना आणि काकांना, दोघांनाही ठाऊक होतं.

अंक चित्रांचे होते. ताम्रपंख नावाचा कुणी इसम, दिवसा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी तोंडाला मुखवटा, पाठीला तांब्याचे पंख लावून शहरभर उडायचा. काकांनी पहिलंच चित्र पाहिलं. पंख खांद्याला दोनच खिळ्यांवर टांगलेले. हा गडी फार दिवस टिकायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

अकरा अंकांच्या पिना शाबूत होत्या. चौथा मात्र लोकांनी वाचून वाचून पार सुटा केला होता, आणि पानांवर आकडेच नव्हते. आली का पंचाईत! आकडा नाही म्हटल्यावर चित्रं बघूनच क्रम लावायचा. काका भिंगाखाली पान धरून बसले. त्यातली चार पानं तपकिरी, फिकट. त्यांवर एक बारकं पोर, त्याचा आग विझवणारा बाप आणि जळती इमारत. काकांना एका नजरेत कळलं: ऊन लागून रंग उडालाय. आणि ऊन लागतं ते बाहेरच्या पानांना. शिवाय माणूस मोठा व्हायच्या आधी पोरच असतो. चारही पानं चौथ्या अंकाच्या सुरुवातीला लावली, बारा अंक शिवले, कडा कापल्या, कापडाची पाठ चढवली आणि पुस्तक दाबात घातलं.

वाळायला दोन दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी हातात काम नव्हतं, आणि त्या दोन खिळ्यांचं पुढे काय झालं हे काही केल्या मनातून जाईना. काकांनी दाब सैल केला, पुस्तक काढलं आणि चोरासारखं उघडलं.

“काय करताय?” बायकोने विचारलं.

“शिवण बघतोय.”

“शिवण बघताना ओठ हलतात होय?”

मग लपवण्यात अर्थ नव्हता. काका मोठ्याने वाचायला लागले. चित्रं तिला दिसायची नाहीत, म्हणून तीही सांगत गेले. आता तो मनोऱ्यावर उभा आहे. आता खालून एक बाई बघतेय, तिच्या हातात पिशवी आहे. पिशवीत काय, असं बायकोने विचारलं. ते दाखवलेलं नाही, म्हणाले. मग बघून सांगा की नीट, म्हणाली. चुलीवर खळ करपली तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही. तिसऱ्या अंकाच्या शेवटी त्या पिशवीवालीने ताम्रपंखला विचारलं, तू लोकांना वाचवतोस, मग तोंड का लपवतोस? तो काही न बोलता उडून गेला.

बायकोने मेणाचा खडा खाली ठेवला. “का लपवतो?”

काकांनी पान उलटलं. तपकिरी पोर, बाप, आग. वाचवलेली माणसं बापाच्या नावाचा जयजयकार करतात, त्या नादात बाप पुन्हा आत शिरतो आणि येत नाही. पोर ठरवतं, आपण तोंड झाकायचं, कुणाला आपलं नाव घेऊ द्यायचं नाही. काकांनी वाचलं आणि पुढे गेले. बरीच पानं झाल्यावर ती बाई त्याला पुन्हा गाठते, पुन्हा तेच विचारते, आणि तो म्हणतो, “ऐक तर मग.” त्यापुढच्या पानावर एकदम ती बाई रडतेय.

“थांबा,” बायको म्हणाली. “ऐक म्हणाला आणि काहीच सांगितलं नाही? रडते कशाला ती?”

काकांनी पानं उलटून मागे पाहिलं.

“अहो, त्याने तिला सांगायचं ते तुम्ही मला आधीच सांगून टाकलंत.”

काकांनी घाईने पुढचे अंक चाळले. नवव्यात, पिना शाबूत असलेल्या अंकात, ऐन मध्यावर दोन तपकिरी पानं होती. ऊनबिन काही नव्हतं. जुन्या आठवणींचा रंगच तो. चाळीस वर्षांत एक पान इकडचं तिकडे झालं नव्हतं, आणि आता चार. 

उसवायचं तर सोपं नव्हतं. पाठीची खळ सुकली होती. पानं ओढली की सुईची भोकं फाटणार, त्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवाव्या लागणार, आणि मग कड केसभर तरी मागेपुढे होणारच. पुन्हा कापावं, तर संवाद अगदी काठाशी आलेले. माणसांच्या तोंडातली अक्षरं तुटली असती. म्हणजे कडा सरळ हव्या तर गोष्ट चुकीची, आणि गोष्ट बरोबर हवी तर कडा वाकड्या. समिती तर कडाच बघणार होती.

“कुणाला कळणार नाही,” काका म्हणाले.

“मला कळलं ना,” बायको म्हणाली आणि तिने नव्या शिवणीसाठी दोरा ओढायला घेतला.

दोन दिवसांनी बाईंनी पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. चार जागी अडखळला. “काका, हात थरथरायला लागला का?”

“हात नाही. डोकं चुकलं होतं. शिवलं, मग उसवलं.” काकांनी सगळं सांगितलं.

बाईंनी चौथा अंक उघडला आणि उभ्याउभ्याच वाचायला लागल्या. पुस्तक बदलायला आलेला माणूस दोनदा खाकरला. त्यांनी मान वर केली नाही. तपकिरी पानांपाशी आल्यावर खुर्ची ओढून बसल्या. वाचून झाल्यावर विचारलं, “चुकलं हे तुम्हाला सांगितलं कुणी?”

“घरी ऐकणारी आहे.”

समितीची खात्री देता येत नाही, म्हणाल्या. पण वर्षभराचं काम देणं माझ्या हातात आहे, तेवढं तरी घेऊन जा. आणि पुढच्या बारा अंकांचा गठ्ठा त्यांनी पुढे सरकवला.

काका घरी आले, गठ्ठा सोडला आणि सवयीने सुईकडे हात गेला. बायकोने सुईचा डबा उचलून आपल्या मांडीवर घेतला.

“आधी सगळं वाचायचं,” ती म्हणाली. “मग शिवायचं.”

काका स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले. मुखपृष्ठावर काय आहे, असं तिने विचारलं. ते सांगायलाच त्यांना बराच वेळ लागला.