बरणीतलं फिकं यीस्ट

जगात उपाशी माणूस कुठे असलाच, तर तो अजून आमच्या शेजारच्या काकींच्या दारावरून गेलेला नाही, एवढंच. चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत विजेचा मीटर बघायला आलेला माणूस काकींकडे आंबोळ्या खातो आणि मीटर न बघताच जातो. मी भिंतीपलीकडे एकटा राहणारा, म्हणजे आयतंच गिऱ्हाईक. एकदा दाढ ठणकतेय, जेवत नाही म्हटलं, तर वाडगा पुढे करून म्हणाल्या, "पेजेक दात कशाक?" मी निमूट प्यायलो.

काकींनी परळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या नळ्या धुतल्या. निवृत्तीच्या दिवशी तिथल्या मॅडमनी त्यांच्या हातात गुलाबी यीस्टची नळी ठेवली आणि म्हणाल्या, "आता स्वतःचा प्रयोग करा. याला काय खायला दिलं की रंग गडद होतो, ते शोधा. मी महिन्याने बघायला येते." खायला द्यायचं म्हटल्यावर काकींना कोण आवरणार? गुळाचं पाणी, त्यावर मुगाचं कढण, त्यावर सुक्या कोळंबीचं पाणी; तेही सगळं कुकरच्या चार शिट्या काढून, कारण जंतूंच्या बाबतीत काकी कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. शिटी वाजली की आम्ही गॅलरीतून विचारायचो, "काकी, आज माणसांचं की यीस्टचं?" यीस्टने छान बाळसं धरलं, पण रंग धुऊन धुऊन विटलेल्या परकराचा. काकी बरणी उजेडात धरायच्या, "काहीतरी कमी पडतंय ह्याला," म्हणायच्या आणि आणखी एक पळी ओतायच्या. आयुष्यातला पहिला स्वतःचा प्रयोग, तोच फसला तर मॅडमना काय तोंड दाखवू, या काळजीने त्यांचं स्वतःचं जेवण मात्र निम्म्यावर आलं.

शेवटच्या आठवड्यात भाचीच्या साखरपुड्यासाठी त्यांना गावी जावं लागलं. नव्या बरणीत चमचाभर यीस्ट घालून त्यांनी ते माझ्या हवाली केलं, सोबत जेवणाचं वेळापत्रक. मी आळसाचा पुतळा. कढण कोण शिजवणार, आणि कोळंबीच्या वासात झोपणार कोण? मी नुसतं गुळाचं पाणी उकळून, निववून ओतत राहिलो. काकी परतल्या तेव्हा बरणी कोकम सरबतासारखी लालेलाल झाली होती.

ठरल्याप्रमाणे बघायला आलेल्या मॅडम तर हरखूनच गेल्या. मी नुसत्या गुळाच्या पाण्याची कबुली दिली. "पोट भरलं की ते नुसतं वाढत बसतं," त्या म्हणाल्या. "गूळ भरपूर आणि डाळ-मासळी कमी, असं झालं की वाढ थांबते आणि रंग चढतो. शाबास, जमला तुमचा प्रयोग."

"म्हणजे माझ्याकडे होतं म्हणून फिकं होतं बिचारं," काकी म्हणाल्या. मॅडम जिना उतरेपर्यंत त्या कशाबशा थांबल्या, मग बरणीत मुगाचं कढण ओतलं. "रंग काय चाटायचाय? आठवडाभर धड जेवलं नाही ते." आठवड्याने यीस्ट पुन्हा गुबगुबीत आणि फिकं झालं, आणि काकी दोन्ही वेळ जेवू लागल्या.

गेल्या वर्षी नोकरीपायी मी लांब राहायला गेलो. तिथे दार वाजवून कोणी "जेवलास काय रे?" विचारत नाही, आणि ते मला फार जाणवतं. परवा काकींना भेटायला गेलो. त्यांनी मला हाताला धरून खिडकीपाशी उजेडात नेलं, बराच वेळ न्याहाळलं.

"चेहऱ्यावर चांगला रंग आलाय रे तुझ्या," त्या हळूच म्हणाल्या, आणि काळजीने कुकर लावायला उठल्या.