फुसेनीच्या कार्डात न मावलेली खुळखुळ

मालीतल्या बामाकोच्या बाजारात माझं मोबाइल दुरुस्तीचं टेबल फुसेनी कुलिबालीच्या दुकानाला लागून आहे. लोक मेमरी कार्ड आणतात, फुसेनी त्यात गाणी भरून देतो. एका कार्डात किती कोंबली, यातच त्याचा सगळा अभिमान. ती ऐकू कशी येतात, हे विचारलं की त्याला राग येतो.

म्हाताऱ्या बुरामा कुयातेंची न्गोनी, म्हणजे आमच्याकडचं तंतुवाद्य, शुक्रवारी रेडिओवर वाजणार होती. त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं. त्यासाठी फुसेनीने ती रेकॉर्ड केली, जागा वाचवायला फाइल दाबून लहान केली आणि मूळ पुसून टाकली. बुरामांनी हेडफोन लावला तसाच काढला. न्गोनीच्या दांड्यावर पत्रा असतो. तार छेडली की त्याला अडकवलेल्या कड्या खुळखुळतात. इथे नुसती फसफस होती.

"माझ्या कड्या कुठे गेल्या रे, चवळीखाऊ?" कुलिबाली आडनावाचा कुणी दिसला की त्याला चवळीवरून चिडवायचंच, ही इथली जुनी थट्टा, तिचं कुणी वाईट वाटून घेत नाही. पण पुढचं त्यांनी हसून म्हटलं नाही. "हे रेडिओला द्यायचं नाही."

फुसेनीने त्यांना बसवलं आणि तीच दाबलेली फाइल काही न गाळणाऱ्या मोठ्या प्रकारात बदलली. फाइल कितीतरी पट फुगली. फसफस तशीच.

"अरे, त्याच पत्तीच्या तिसऱ्या उकळीचा फिका चहा मोठ्या किटलीत ओतलास म्हणून पहिल्यासारखा कडक होईल का?" मी म्हणालो.

"पण आकार बघ ना," तो म्हणाला. मी कपाळाला हात लावला.

शेवटी पुन्हा वाजवायला बुरामा तयार झाले, अट एकच: या वेळी दाबायचं नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर जागा नव्हती. फुसेनीने लग्नातली खपाची गाणी एकेक करून पुसली, प्रत्येक वेळी माझ्याकडे असं बघत की जणू मीच चोर. मग दुकानाचं दार लावून रेकॉर्डिंग केलं.

बुरामांनी डोळे मिटून ऐकलं. कड्या स्वच्छ वाजत होत्या. त्यांची मान डोलायला लागली आणि मध्येच थांबली.

"हा खोकला कुणाचा?"

फुसेनी खाली बघत राहिला. मग त्याने हळूच मला विचारलं, "थोडंसं दाबलं तर तेवढा खोकला जाईल का रे?"

शुक्रवारी सगळ्या गल्लीने न्गोनी ऐकली, कड्यांसकट. आणि फुसेनीलाही.