वाढलेलं तेल

इंजिनाचे नकाशे काढणारा एवढा शिकलेला माणूस, पण कामिया तेल आधी हुंगून बघायचा. मी फिटर, डोंगरातल्या शाळेत शिकलेला. आमचं जमलं ते त्या नाकामुळेच.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे हायब्रिड गाडीचं नवं इंजिन चाललं होतं. नकाशावर सहीच्या जागी कामियाचा लाल शिक्का पडला होता, आणि मंजुरीच्या चौकटीत ओकोची साहेबांचा. कामियाला ओकोचींनीच घडवलेलं. मार्चअखेर ते निवृत्त होणार होते. त्याआधी नकाशा साचेवाल्यांकडे जावा, एवढीच त्यांची इच्छा. गुरूला निरोपाची भेट म्हणून कामियाला तेच द्यायचं होतं.

चाचणीची एक गाडी कामियाची बायको साचिए चालवायची. घरोघरी जाऊन ती अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची. दिवसाला आठ घरं, सगळी मैल-दीड मैलाच्या आत. जानेवारीत एकदा कामियासमोर मी तिच्या गाडीची तेल मोजायची पट्टी काढली आणि मला हसूच आलं.

"अरे, तुझं इंजिन तेल पीत नाही, उलट पिकवतंय! वरच्या खुणेच्याही वर गेलंय."

तो हसला नाही. पट्टी हुंगली आणि शेजारी उभ्या बायकोला विचारलं, "घरं फिरताना इंजिन किती वेळ चालतं?"

"कुठलं चालतंय! जरा गुरगुरतं, की लगेच गप्प. तुमच्यासारखंच."

कामियाचा चेहरा उतरला. गाडी बरीचशी विजेवर चाललेली. इंजिन मिनिटभर जागं व्हायचं आणि गार असतानाच पुन्हा बंद. इंजिनाच्या आतल्या गार भिंतीवरचं पेट्रोल जळत नाही, ते ओघळून तेलात उतरतं. तेल दिसायला वाढतं, पण पातळ होतं, आणि पुढे इंजिन आतून झिजत जातं. कारखान्यात आम्ही चाचण्या घ्यायचो त्या तापलेल्या इंजिनावर. तेल कमी झालं तर आम्ही बोंब मारली असती. वाढलं म्हणून कोण तक्रार करणार? दोन महिने मीच वहीत लिहीत होतो, "तेल भरपूर."

उपाय होता. इंजिन तापेपर्यंत त्याला थंड ठेवणारं आतलं पाणी फिरू द्यायचं नाही, जागच्या जागी थोपवायचं. पण त्यासाठी पाण्याच्या वाटा बदलायला हव्यात, म्हणजे नकाशाच नव्याने काढायचा. मार्च हातचा गेला.

दुसऱ्या दिवशी तो ओकोचींसमोर उभा राहिला. तेलाची बाटली घेऊन मी मागे.

"शिक्का मारताना झोपला होतास का?"

"चुकलो, साहेब."

"दोन महिने तोंड बंद ठेवलं असतंस तर मी गेलो असतो. मग काढायची होतीस चूक!"

"मग साहेब, तुमचा शिक्का त्या चुकीवर राहिला असता."

ओकोची म्हणाले, "तुझ्या बायकोला सांग, उद्या मी बरोबर येतोय."

साचिएने नंतर मला सांगितलं, "दादा, टब आणि टॉवेलांच्या मध्ये पाय आखडून बसले होते हो. प्रत्येक घरापाशी उतरायचे, बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवायचे. आठव्या घरी म्हणाले, 'अजून गारच आहे.' तेवढंच बोलले दिवसभरात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओकोचींनी आखणीची पट्टी घेऊन आधी स्वतःच्या शिक्क्यावर दोन रेघा ओढून तो रद्द केला. मग नकाशा कामियाकडे सरकवला.

मार्चमध्ये साहेब निवृत्त झाले. सुधारलेल्या नकाशावर मंजुरीच्या चौकटीत दुसऱ्याच साहेबांचा शिक्का पडला. शरदात त्या नकाशावरून इंजिनाचं पहिलं ओतीव धड आलं, तेव्हा कामियाने परवानगी काढली आणि आम्ही दोघांनी ते उचलून ओकोचींच्या घरी नेलं. ते ओसरीवर पर्सिमनची फळं सोलत बसले होते. हात पुसून त्यांनी पाण्याच्या वाटेत बोटं घातली आणि डोळे मिटून चाचपत राहिले. कामिया गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत बसला होता.

"हे वळण," ते शेवटी म्हणाले, "अजून थोडं अरुंद चाललं असतं."

कामियाने खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं.