कर्नलसाहेबांचा रस्ता

दळणाचा नंबर लागेपर्यंत माणसाने करायचं काय? बोलायचं! म्हणून तर आमच्या धुळ्याच्या गिरणी गल्लीत पिठापेक्षा किस्सेच जास्त निघतात. त्यातले निम्मे एकट्या नाना सोनवण्यांचे.

सत्त्याऐंशी साली नगरपालिकेने गल्लीला 'कर्नल देवराव मार्ग' असं नाव दिलं. नाना लष्करात याच कर्नलसाहेबांचे ड्रायव्हर. लढाईत नाना जखमी झाले, तेव्हा साहेबांनी स्वतः जीप चालवून त्यांना दवाखान्यात नेलेलं. पाटी लागली त्या दिवशी नानांनी शपथच घेतली, "आजपासून माझ्या तोंडातून गिरणी गल्ली निघणार नाही!"

*

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या अक्कांनी पाटीच्या खांबाला दोरी बांधून गोधड्या वाळत घातल्या.

"अक्का, साहेब झाकले गेले!" नाना कडाडले.

"राहू दे रे नाना, थंडीचे दिवस आहेत. त्यांनाही ऊब!"

*

एकदा एसटी स्टँडवर नाना रिक्षात बसले. "कर्नल देवराव मार्ग!"

रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, आसा रस्ता बठ्ठा धुयामा नही शे!" अख्ख्या धुळ्यात असा रस्ताच नाही म्हणे!

जुनं नाव सांगितलं असतं तर दहा मिनिटांत घरी. पण नाही! भरताच्या वांग्यांच्या दोन पिशव्या घेऊन भर उन्हात पायी आले. आम्ही हसलो, म्हणून एकालाही वांगं दिलं नाही.

*

मग नानांच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिकेवर पत्ता एकच, कर्नल देवराव मार्ग! आम्ही म्हटलं, "नाना, कंसात गिरणी गल्ली टाका."

"साहेबांच्या शेजारी गिरणी?" विषय संपला!

लग्नाच्या दिवशी अमळनेरचं वऱ्हाड येईना. मुहूर्त अर्ध्या तासावर. मुलगी मुंडावळ्या बांधून रडायला लागली. मी सायकल काढली, नाना मागे कॅरियरवर. चौकात पाहतो तर वऱ्हाडाची बस चुकीच्या रस्त्याला वळतेय!

नाना उडी मारून धावले. "कर्नल देवराव मार्गाचं वऱ्हाड आहे! अडवा!"

कोणी ढिम्म हललं नाही. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ओरडले, "गिरणी गल्लीचं वऱ्हाड आहे रे! अडवा!"

अख्खा चौक बसपुढे आडवा झाला.

व्याही खाली उतरले, घामाघूम, लालबुंद. "तासभर फिरतोय नाना! तुमचा कर्नल इथे कोणालाच सापडत नाही!"

नानांनी टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकला.

"हाच तर साहेबांचा गुण! शत्रूलाही कधी सापडले नाहीत!"