वर बघा, मावशी

आमच्या नांदेडच्या कॉलनीतले हे प्राध्यापक दर चैत्रात एक पुस्तक काढतात. मग महिनाभर दिसेल त्याच्या हातात ते देऊन फोटो काढायचा आणि पुस्तक परत पिशवीत टाकायचं, हाच त्यांचा उद्योग. यंदाचं पुस्तक मिरची निवडणाऱ्या बायांवर होतं, म्हणून मला घेऊन ते धर्माबादच्या बाजारात गेले.

देठ खुडत बसलेल्या एका म्हातारीला त्यांनी पुस्तक दिलं. तिनं ते उघडून मधल्याच एका पानावर बोट ठेवलं.

"सर, यात आमचं काय लिवलंय, वाचून दावा की."

"वर बघा, मावशी. मान खाली घातली की चेहरा येत नाही."

फोटो निघाला. सरांनी पुस्तक काढून घेतलं आणि मुखपृष्ठावर उमटलेली तिची लाल बोटं रुमालानं खसाखसा पुसली. माझं डोकंच फिरलं.

त्या बोटांवर पुस्तकात अख्खं प्रकरण आहे.