पावसाळ्यातल्या कडक भाकऱ्या

यजमान दाजीबानपेठेत ज्या कापडाच्या दुकानात कामाला होते ते बंद पडलं, तेव्हापासून आमचं घर कडक भाकरीच्या विक्रीवर चालतं. मी आणि शेजारच्या अक्का सकाळपासून थापायला बसतो. अक्का वयाने मोठ्या, बोलायला खमक्या. मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड उघडत नाही. इथल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या अण्णांच्या दुकानात माल पोचवायला अक्काच जायच्या.

कडक भाकरी तव्यावर फडक्याने दाबून दाबून कोरडी करायची, मग कापडावर पसरायची. बांधण्याआधी प्रत्येक चळतीतली मधली एक मोडून बघायची, ही अक्कांच्या सासूबाईंची रीत. कट्‌ आवाज झाला तर चळत बांधायची, वाकली तर सगळी चळत पुन्हा तव्यावर.

यंदा आषाढात दुकानदार अण्णांनी दुप्पट माल मागितला, पुण्याकडे पाठवायला. मला धसकाच बसला, पण नाही म्हणवेना. ऊन नव्हतं. भाकऱ्या पंख्याखाली वाळत होत्या. चळती वाढल्या तशा मोडलेल्या भाकऱ्याही वाढल्या. त्या विकता येईनात. मीच अक्कांना म्हणाले, हाताला कोरडी लागते आहे, कशाला मोडायची? त्यांनी पुढची चळत न मोडताच बांधली.

दहा-बारा दिवसांत पाकिटं परत आली. आत हिरवी बुरशी. येऊन भेटा, नाहीतर मशीनवर भाकऱ्या करणाऱ्यांना सांगतो, असा अण्णांचा निरोप होता. मी अक्कांकडे पाहिलं.

"मोडायची नाही हे तू ठरवलंस," त्या म्हणाल्या, "आता बोलायलाही तूच जा."

गिऱ्हाइकं हटेपर्यंत मी दुकानाच्या पायरीपाशी उभी राहिले. दोनदा परत फिरावंसं वाटलं. अण्णांनीच हाक मारली आणि भाकऱ्या पाठवल्यात की गोधड्या, असं विचारलं. मग म्हणाले, मशीन घ्या, पाऊस असला तरी काम अडणार नाही. मशीन घ्यायचं तर घरातलं होतं नव्हतं ते सगळं त्यात घालावं लागलं असतं, आणि उद्या अण्णांनी माल घेणं बंद केलं तर?

"अण्णा, चूक माझी आहे," मी म्हणाले. "पावसाळाभर पूर्वीच्या निम्म्याच देईन. नीट वाळतील तेवढ्याच."

"आणि बाकीच्या?"

"दुसरीकडून घ्या."

आपलं काम आपणच दुसऱ्याला देऊन बसलो. अण्णांनी वहीतला जुना आकडा खोडला. मग म्हणाले, बरं, निम्म्या तुमच्या, बाकीच्या मशीनच्या. पुढचं दिवाळीनंतर.

घरी सांगितलं तर अक्का म्हणाल्या, निम्म्यात दोन घरं कशी चालायची? दुसऱ्या दिवशी कॉलेजजवळच्या दोन खानावळींत मी स्वतः विचारलं. एकीने रोजच्या मऊ भाकऱ्या मागितल्या. त्या वाळवायच्या नसतात.

आता सकाळी मऊ, दुपारी कडक. दोन्ही घरं चालली आहेत, पण मला स्वस्थ बसवत नाही. कॉलेजला सुट्टी लागली की खानावळ बंद होणार. दवाखान्यामागे आणखी एक खानावळ आहे म्हणतात. उद्या तिथे जाणार आहे. काय बोलायचं, ते सकाळपासून मनात घोळतं आहे. पहिलं वाक्यच अजून जमलेलं नाही.